शब्दांच्या शंका : कालानुक्रमे, पण कुठल्या तारखेने?

मागच्या अंकात कवितांच्या पानाखाली एक छोटी टीप होती, "या कविता कालानुक्रमे दिल्या आहेत". एवढ्याशा टिपेवर पत्रं आली, मेसेज आले, कुणी विचारलं हा शब्द असाच लिहितात का, कुणी विचारलं की कवीने लिहिली ती तारीख धरली की छापून आली ती, आणि एकदोघांनी तर स्वतःची अडलेली कामंच पाठवून दिली. प्रश्न सगळे मनापासून विचारलेले आहेत म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच शब्दाला आणि त्याच्या गोतावळ्याला.

प्रश्न : ताई, आमच्या संस्थेच्या स्मरणिकेची प्रुफं मी बघतोय. एका पानावर 'कालानुक्रमे', दुसऱ्यावर 'कालक्रमानुसार' आणि अध्यक्षांच्या मनोगतात 'कालानुक्रमानुसार' असं आहे. टाइप करणाऱ्याने तर दोन ठिकाणी 'कालाणुक्रम' केलंय. बरोबर कुठलं?

'कालाणुक्रम' आधी काढा, ते चूकच आहे. अणु म्हणजे पदार्थाचा बारीक कण, त्याचं इथे काहीच काम नाही. इथे 'अनु' आहे, अनुकरण, अनुयायी यातला, म्हणजे मागून, पाठोपाठ. हा 'ण' बहुतेक 'अनुक्रमणिका' या शब्दातून घुसतो, त्यात शेवटाकडे खराखुरा 'ण' आहे आणि बोलण्याच्या ओघात तो सुरुवातीच्या 'न'ला पण लागतो, मग अणुक्रमणिका, अणुक्रमांक, कालाणुक्रम अशी रांगच लागते.

आता मूळ शब्द. 'क्रम्' हा धातू म्हणजे पाऊल टाकणं. तीन पावलं टाकणारा तो त्रिविक्रम, आणि हद्दीबाहेर पाऊल टाकलं की अतिक्रमण. म्हणजे अनुक्रम म्हणजे पावलामागे पाऊल, आणि ती पावलं काळाच्या हिशोबाने पडत असतील तर कालानुक्रम. काल अधिक अनुक्रम, दोन 'अ' एकत्र येऊन 'आ' झाला, बस. याच साच्यातला वर्णानुक्रम तुम्हाला माहीत असेलच (जुन्या लोकांकडे त्याला अकारविल्हे असा झकास शब्द होता, तो पुन्हा वापरात यावा असं मला फार वाटतं), गुणानुक्रम पण त्यातलाच.

'कालक्रमानुसार' हे कालक्रम अधिक अनुसार, तेही शंभर टक्के बरोबर. दोघांमध्ये अर्थाचा फरक नाही, कालानुक्रमे थोडं आटोपशीर आहे आणि कालक्रमानुसार ऐकताक्षणी कळतं, म्हणून सर्वसाधारण वाचकांच्या स्मरणिकेत मी दुसरं घेईन. एक घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा एवढंच. 'कालानुक्रमानुसार' व्याकरणात मोडत नाही, अनुक्रमाला अनुसरून असा अर्थ लावता येतो, पण एकाच शब्दात 'अनु' दोनदा आलाय आणि दुसऱ्याने काहीही भर पडत नाही, त्यामुळे अध्यक्षांना सांगून तो सुटसुटीत करून घ्या.

विशेषण लागलं तर 'कालानुक्रमिक', 'मि' ऱ्हस्व. इतिहासचं ऐतिहासिक होतं, प्रसंगचं प्रासंगिक होतं, म्हणजे 'इक' लागताना पहिला स्वर वाढतो, मग इथे का वाढला नाही असं एकीने मेसेजमध्ये विचारलंय. काल मध्ये पहिला स्वर 'आ' आहेच, तो आणखी वाढणार कुठे, म्हणून बदल दिसत नाही.

प्रश्न : नमस्कार. माझ्या मावशीने आईला लिहिलेली बरीच पत्रं सापडली आहेत, ती कालानुक्रमे लावून टाइप करून घरातल्यांना द्यायची आहेत. काहींवर तारीख आहे, काहींवर फक्त पोस्टाचा शिक्का, काहींवर काहीच नाही. एका पत्रात सुरुवातीला एक तारीख आहे आणि शेवटच्या सहा ओळी वेगळ्या शाईत दोन दिवसांनी लिहिल्यात. कसं लावू?

तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण या शब्दाची खरी अडचण तुम्ही बरोबर पकडली आहे. कालानुक्रमे लावा असं आपण एकमेकांना सहज सांगतो पण कुठल्या काळाने ते सांगतच नाही. एका साध्या पत्राला किती तारखा असतात बघा, लिहायला घेतलं ती, संपवलं ती, पेटीत टाकल्यावर पोस्टाने शिक्का मारला ती, पोचल्यावर दुसरा शिक्का बसला ती, आणि आईने प्रत्यक्ष उघडून वाचलं ती तर कुठेच नोंदलेली नसते. मावशीचं मन त्या दिवसांत कसं होतं ते वाचायचं असेल तर लिहिल्याची तारीख धरा. आईला बातम्या कुठल्या क्रमाने कळत गेल्या ते बघायचं असेल तर पोचल्याची धरा. दोन पत्रं वाटेत उलटसुलट झाली असतील, म्हणजे नंतर लिहिलेलं आधी पोचलं असेल, तर हे दोन क्रम वेगळे निघतील आणि दोन्ही खरे असतील.

मला वाटतं तुमच्या कामाला लिहिल्याची तारीख योग्य. मग वेगळ्या शाईतल्या ओळींचं उत्तरही मिळतं, पत्र तोडायचं नाही, सुरुवातीच्या तारखेला ते ठेवायचं आणि त्या सहा ओळींच्या आधी चौकटी कंसात "दोन दिवसांनी, वेगळ्या शाईत" असं लिहायचं. फक्त शिक्का असलेली पत्रं शिक्क्याच्या तारखेला लावा, पण तारखेआधी 'शिक्का' असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की लिहिलं त्याच्या थोडं आधी. शिक्के पुसट असतात, महिना वाचता येतो आणि दिवस येत नाही, तेव्हा जेवढं दिसतं तेवढंच लिहायचं, अंदाजाने आकडा पुरा करायचा नाही.

बिनतारखेच्या पत्रांना घाबरू नका. तारीख माहीत नसताना क्रम माहीत असू शकतो. "तुझ्या मागच्या पत्रात तू विचारलं होतंस" असं वाक्य असलं की ते आईच्या कुठल्यातरी पत्रानंतरचं, "बाळाला आता दात येतायत" म्हटलं की जन्मानंतरचं आणि पहिल्या वाढदिवसाच्या आसपासचं. भूगर्भशास्त्रात नेमकं हेच करतात, निकोलस स्टेनो या डॅनिश माणसाने १६६९ मध्ये मांडलं की गाळाचे थर विस्कटलेले नसतील तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, आणि नुसत्या या नियमावर लोकांनी खडकांचा क्रम लावला, थर किती वर्षांचा आहे ते सांगायची साधनं फार उशिरा आली. याला सापेक्ष कालक्रम म्हणतात. तुमच्या टिपेत "या दोन पत्रांच्या मधलं असावं" एवढं आलं तरी ते पक्कं काम आहे. ज्यांचा काहीच पत्ता लागत नाही ती शेवटी वेगळी ठेवा, कुठेतरी कोंबू नका, कारण एकदा मध्ये घातलं की पुढचा माणूस ती जागा पुरावा म्हणून धरतो.

छापील साहित्यातही हीच गाठ पडते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९०, पण एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४. मराठी भाषेचे नमुने कालानुक्रमे लावायचे असतील आणि तुमच्या हातातला पाठ एकनाथांच्या शुद्धीकरणानंतरचा असेल तर त्याला नुसतं १२९० च्या खणात टाकून चालत नाही, रचना कधीची आणि पाठ कधीचा ही दोन्ही वर्षं सांगावी लागतात. आमच्या कवितांच्या टिपेतही हेच राहिलं होतं. तिथे लिहिल्याची तारीख धरली होती, आणि यापुढे टिपेत "लेखनाच्या कालानुक्रमे" असं छापायचं ठरलंय.

हो, आणि फोनने पत्रांचे फोटो काढत असाल तर एक सांभाळा. फाइलला जी तारीख लागते ती फोटो काढल्याची असते, पत्राची नव्हे, त्यामुळे कंप्युटरला 'डेटप्रमाणे लाव' म्हटलं की तो तुमच्या स्कॅनिंगचा कालानुक्रम दाखवणार. पत्राची तारीख फाइलच्या नावातच घाला, कशी ते खाली एका उत्तरात आहे.

प्रश्न : अनुक्रमे आणि क्रमशः यांची माझ्याकडून नेहमी गल्लत होते.

'अनुक्रमे' म्हणजे ज्या ओळीने नावं आली त्याच ओळीने गोष्टी. "सीता आणि गीता यांना अनुक्रमे पहिलं आणि दुसरं बक्षीस", म्हणजे सीताला पहिलं. यात वेळेचा काही संबंध नाही. 'क्रमशः' म्हणजे टप्प्याटप्प्याने, आणि मासिकातल्या गोष्टीच्या तळाशी असलं की पुढला भाग पुढल्या अंकात. अनुक्रमे वापरताना दोन्ही बाजूंची संख्या सारखी हवी, तीन नावं आणि दोन बक्षिसं असली की वाक्य कोसळतं.

प्रश्न : मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. प्रोजेक्टसाठी शिवकाळातल्या घटनांची टाइमलाइन करतेय. मराठी साधनांत शके आणि तिथी, इंग्रजी कागदांत तारीख. शकेमध्ये ७८ मिळवून सगळं लावलं तर काही घटना एक वर्ष मागे गेल्या. काय चुकलं?

७८ हा आकडा वर्षाच्या मोठ्या भागाला बरोबर आहे, पूर्ण वर्षाला नाही. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि फाल्गुनात संपतं, इंग्रजी वर्ष मध्येच जानेवारीत बदलतं. म्हणून चैत्रापासून साधारण डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुन संपेपर्यंत ७९. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, ७८ मिळवले की १६७४, तारीख ६ जून, बरोबर. पण जन्मतिथी बघ, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१. इथे ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि खरी तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे. तुझ्या मागे गेलेल्या घटना पौष, माघ, फाल्गुनातल्याच असणार, तपासून बघ. पौषाच्या बाबतीत मात्र तिथी-तारखेचं कोष्टक उघडूनच बघावं लागतं कारण तो कधी डिसेंबरात सुरू होतो कधी जानेवारीत.

याच्या पोटात अजून एक गंमत आहे. शके १५५१ मधल्या ज्येष्ठातली घटना आणि फाल्गुनातली घटना घेतली तर ज्येष्ठ आधी, फाल्गुन नंतर, हे शकाने लगेच कळतं. तेच कुणी नुसते महिने इंग्रजीत करून "जून १६२९, फेब्रुवारी १६२९" असं लिहिलं की कंप्युटर इमानेइतबारे फेब्रुवारी वर टाकतो आणि क्रम उलटा होतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही कारण यादी दिसायला एकदम व्यवस्थित असते.

इंग्रजी कागदांतही सापळा आहे. इंग्रजांकडे १७५२ च्या आधी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेवरची पहिली स्वारी आपण जानेवारी १६६४ ची म्हणतो, पण त्यांच्या हिशोबाने तो जानेवारी अजून १६६३ मध्येच मोडतो, म्हणून काही ठिकाणी १६६३ लिहिलेलं दिसेल, काही ठिकाणी १६६३/६४ अशी जोडी. शिवाय कॅलेंडरच दोन होती. पोर्तुगालसह काही कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरून नवं कॅलेंडर घेतलं, इंग्रजांनी ते १७५२ मध्ये घेतलं आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर केला. म्हणजे सतराव्या शतकात पोर्तुगीज कागद आणि इंग्रज कागद यांत एकाच दिवसाला दहा दिवसांचा फरक. दोन्हीकडच्या नोंदी एका टाइमलाइनमध्ये घालायच्या असतील तर आधी एका कॅलेंडरवर आण, आणि कुठलं घेतलंस ते पहिल्या पानावर लिही. मूळ नोंदीतली तिथी किंवा तारीख जशीच्या तशी बाजूच्या रकान्यात ठेव, ती कधीच पुसायची नाही.

इ.स. पूर्व गेलीस तर आकडे उलटे चालतात, ३०० आधी आणि २०० नंतर, आणि मध्ये शून्य साल नाही, इ.स. पूर्व १ नंतर लगेच इ.स. १. त्यामुळे इ.स. पूर्व ५ ते इ.स. ५ ही नऊ वर्षं होतात, दहा नाहीत.

तुला एक शब्द भेट देते, शकावली. वंशावली, नामावली तशी शकावली, घटनांची वर्षावार जंत्री. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीला आणलेली जेधे शकावली तुझ्या वाचनात येईलच, महाराजांच्या जन्माची शके १५५१ ची तिथी त्यातच मिळाली आणि पुढे त्यावरून अनेक वर्षं वाद झाला. प्रोजेक्टला टाइमलाइन ऐवजी शकावली म्हणालीस तर मला फार आनंद होईल. आणि गंमत म्हणजे जुन्या मराठीत इतिहासाला तवारीख म्हणायचे, अरबीत ते तारीख या शब्दाचंच अनेकवचन आहे.

प्रश्न : रिझ्युमेमध्ये अनुभव कालानुक्रमे लिहा असं एका ठिकाणी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी नवीन नोकरी सगळ्यात वर हवी. मग त्याला कालानुक्रम कसं म्हणायचं?

नुसतं कालानुक्रमे म्हटलं की जुनं आधी, नवं नंतर असाच अर्थ घ्यायचा. काळ पुढे जातो तसंच आपण वाचतो. नवं वर हवं असेल तर 'उलट कालानुक्रमे' असं स्पष्ट सांगावं लागतं. 'उतरत्या क्रमाने' मात्र टाळा, कारण तारीख उतरती म्हणजे नवीकडून जुनीकडे असं एकाला वाटतं आणि दुसरा म्हणतो की पान उतरत जाऊ तशी तारीख वाढत जाणारी. "सध्याची नोकरी सर्वांत वर" हे चार शब्द सगळ्यात सुरक्षित. वाचणाऱ्याला तुम्ही आत्ता काय करता ते आधी हवं असतं म्हणून तिथे उलटा क्रम सोयीचा, पण एकाच नोकरीतले टप्पे सांगताना लोक पुन्हा सुलट लिहितात आणि मग पानावर दोन दिशा होतात, त्याकडे लक्ष द्या.

यालाच जोडून फाइलच्या नावांचं सांगते, वर मावशीच्या पत्रांसाठी म्हटलं होतं. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये नावं अक्षर-अक्षर बघून लागतात, म्हणजे तो खरा वर्णानुक्रम. तीन फाइली घ्या, ०३-१२-२०२२, ०५-०१-२०२४, २१-०८-२०२३. कंप्युटर याच ओळीने लावतो कारण पहिले दोन आकडे ०३, ०५, २१ असे चढतायत, आणि २०२४ ची फाइल २०२३ च्या आधी बसते. तीच नावं वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी लिहिली, २०२२-१२-०३, २०२३-०८-२१, २०२४-०१-०५, की वर्णानुक्रम आणि कालानुक्रम एकच होऊन जातात. तारीख लिहायचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसओ ८६०१, १९८८ साली पहिल्यांदा निघालेला, त्यात हीच पद्धत आहे. महिना एक आकडी असला तरी आधी शून्य घालायचं, नाहीतर काही ठिकाणी १० हा महिना २ च्या आधी जाऊन बसतो. दिवस माहीत नसेल तर नुसतं २०२३-०८ लिहून थांबा, ते आपोआप त्या महिन्याच्या सुरुवातीला लागेल.

प्रश्न : मी मराठी नव्याने शिकतोय. कालच्या आदल्या दिवसालाही परवा आणि उद्याच्या दुसऱ्या दिवसालाही परवा. वर ऑफिसात "मीटिंग पुढे घेतली" म्हणाले तर मी उशिरा गेलो आणि मीटिंग होऊन गेली होती. हे कसं ओळखायचं?

परवाची दिशा क्रियापद सांगतं. "परवा गेलो होतो" मागचा, "परवा जाणार आहे" पुढचा. तेरवाही तसाच, त्याहून एक दिवस लांब. क्रियापद नसलेल्या वाक्यात मात्र, "परवाचं जेवण" वगैरे, मराठी माणूससुद्धा "झालेलं की व्हायचंय?" असं विचारतो, तुम्हीही बिनधास्त विचारा.

मागे-पुढेचं जरा खोल आहे आणि मला हा विषय फार आवडतो. मराठीत पुढचा आठवडा म्हणजे येणारा आणि "मागे एकदा भेटलो होतो" म्हणजे पूर्वी, इथपर्यंत सरळ आहे, आपण काळातून चालतोय, येणारे दिवस समोर, गेलेले पाठीशी. पण "तो माझ्या मागून आला" म्हणजे माझ्यानंतर आला. एकच 'माग', मागे म्हटलं की आधी आणि मागून म्हटलं की नंतर! कारण दुसऱ्या वाक्यात आपण चालणारे नसून घटनाच रांगेत उभ्या आहेत, रांगेत जो पुढे त्याचा नंबर आधी. संस्कृतातला 'पूर्व' याच दुसऱ्या चित्रातला, पूर्व म्हणजे समोरचं, पहिलं, आधीचं, आणि उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की समोर येते ती दिशाही पूर्व, पाठीमागे राहते ती पश्चिम, आणि पश्चात म्हणजे नंतर. मराठीने दोन्ही चित्रं एकत्र सांभाळली आहेत म्हणून 'पूर्वी' आणि 'मागे' या दोन शब्दांचा अर्थ मुळात समोर आणि पाठीशी असा विरुद्ध असूनही काळाच्या बाबतीत एकच होतो.

आता मीटिंग. "पुढे ढकलली" म्हणजे नक्की उशिरा. ठरलेल्या वेळेच्या आधी घेतली तर "अलीकडे आणली" किंवा सरळ "लवकर घेतली" म्हणायचं. "पुढे घेतली" हे रांगेच्या चित्रातून आलेलं आहे, बोलणाऱ्याने नंबर पुढे आणला, ऐकणाऱ्याने वेळ पुढे सरकवली. तुमचं काहीच चुकलेलं नाही, वाक्यच दुधारी आहे. "मागे घेतली" तर अजून वेगळं, ते रद्द केल्यासारखं, तक्रार मागे घेतात तसं. असा निरोप आला की "म्हणजे किती वाजता?" एवढंच विचारा.

प्रश्न : घटनाक्रम आणि कालानुक्रम एकच का? बातमीत नेहमी घटनाक्रम असतो.

घटनाक्रम म्हणजे काय-काय झालं ती साखळी, कालानुक्रम म्हणजे ती लावायची पद्धत. म्हणून "घटनाक्रम कालानुक्रमे दिला आहे" हे वाक्य दिसतं तसं द्विरुक्तीचं नाही, कुणी महत्त्वाची घटना आधी सांगूनही घटनाक्रम लिहू शकतो, बातमीत बहुतेक वेळा तसंच असतं.

एक काळजी मात्र घ्या. गोष्टी वेळेने ओळीत लावल्या की वाचणाऱ्याला आधीची गोष्ट नंतरचीचं कारण वाटायला लागते. "नऊ वाजता नवीन अधिकारी रुजू झाले, दहा वाजता सर्व्हर बंद पडला." यात कुणी कुणावर ठपका ठेवलेला नाही तरी तो बसतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली ही म्हण यासाठीच आहे, संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. लिहिताना 'त्यानंतर' आणि 'त्यामुळे' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका, खात्री नसेल तिथे 'त्यानंतर'च, आणि नुसत्या क्रमानेही कुणावर अन्याय होतोय असं वाटलं तर "याचा संबंध अजून स्पष्ट नाही" असं एक वाक्य जोडा.

प्रश्न : शाळेत 'ऊन' प्रत्ययाच्या रूपांना पूर्वकालवाचक शिकवते. एका मुलाने विचारलं, "तो हसून म्हणाला" यात हसणं आधी कुठे संपलं? मला उत्तर देता आलं नाही.

मुलाचा कान तयार आहे, त्याला शाबासकी द्या. "घरी जाऊन अभ्यास केला" यात जाणं आधी, अभ्यास नंतर, पूर्वकालवाचक हे नाव या मुख्य वापरावरून पडलं. पण 'ऊन' तेवढ्यावर थांबत नाही. "धावून दमला" यात धावणं कारण आहे, "हसून म्हणाला" यात हसणं ही म्हणायची रीत आहे, दोन्ही एकाच वेळी चाललंय. नुसतं एकाच वेळी होणं दाखवायचं असेल तर मराठीकडे 'ताना' आहेच, "चालताना गात होता". आणि एक संपताच लगेच दुसरं असेल तर 'ताच', "बेल वाजताच उठला". वर्गात मुलांना "बेल वाजून उठला" असं म्हणायला सांगा, खटकतं लगेच, कारण 'ऊन'मध्ये दोन्ही क्रियांचा कर्ता बहुतेक एकच लागतो आणि इथे वाजली बेल, उठला तो.

याच संदर्भात सूचना लिहिणाऱ्यांसाठी एक विनंती. "बटण दाबण्यापूर्वी झाकण लावा" हे वाक्य व्याकरणात निर्दोष आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी बटण येतं, आणि घाईतला माणूस अर्धं वाक्य वाचून दाबून मोकळा होतो. "आधी झाकण लावा, मग बटण दाबा" असं लिहिलं की शब्दांचा क्रम आणि कामाचा क्रम जुळतो. औषधाच्या, यंत्राच्या, परीक्षेच्या सूचनांमध्ये तरी 'पूर्वी'ची वाक्यं अशी सुलट करावीत असं मला अगदी कळकळीने सांगायचंय.

प्रश्न : 'नंतर' आणि 'अनंतर' विरुद्धार्थी आहेत का?

नाहीत. मूळ शब्द अनंतर, अंतर नसलेला, म्हणजे लगेच पाठोपाठचा. मराठीत सुरुवातीचा 'अ' गळला आणि 'लगेच'चा अर्थही गेला, आता नंतर म्हणजे पाच मिनिटांनी किंवा पाच वर्षांनीसुद्धा. जुन्या पत्रांत "तदनंतर" दिसतो तो याचाच. म्हणून "नंतर बघू"ला मुदत नसते, मुदत हवी असेल तर "लगेच नंतर" किंवा "त्यानंतर आठवड्याभरात" असं लिहावं लागतं.

प्रश्न : आधीचे अध्यक्ष, पूर्वीचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष. पत्रिकेत कुठलं छापू?

आधीचे म्हणजे आत्ताच्यांच्या लगेच आधी होते ते, एकच व्यक्ती. पूर्वीचे म्हणजे कधीतरी होऊन गेलेले, कितीही असू शकतात. माजी हे पदासोबत लावायचं रीतसर विशेषण, त्यातून किती मागचे ते कळत नाही. पत्रिकेत नावामागे माजी छापा, आणि दोनतीन माजी अध्यक्ष एकत्र येणार असतील तर त्यांची नावं कार्यकाळाच्या कालानुक्रमे लावून प्रत्येकापुढे वर्षं द्या, म्हणजे कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून कुणाचं मन दुखावणार नाही.